तारकर्लीत डायव्हिंग: आधी तलाव, मग समुद्र

डायव्हिंग म्हटलं की पुण्यातले लोक थेट अंदमानची विमानं बघायला लागतात. आम्ही कॉलेजच्या मैत्रिणींनी तारकर्ली धरलं आणि एमटीडीसीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत, म्हणजे ‘इसदा’मध्ये नावं नोंदवली. पन्नाशीच्या आसपासच्या, पाण्याची धास्ती असलेल्या कुणालाही मी हीच जागा सांगेन. मुख्य कारण म्हणजे तिथला सरावासाठी बांधलेला ८ मीटर खोल तलाव.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीतून स्कूबा करवणारे भरपूर आहेत. पैसे कमी आणि काम झटपट, पण बऱ्याच ठिकाणी तोंडात नळी दिली की थेट समुद्रातच. इथे आधी फॉर्म भरून घेतला: दमा, कानाचं दुखणं, बीपी, हृदयाचं काही. आमच्यातल्या एकीला बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांचं पत्र सोबत नव्हतं, म्हणून तिला नीट समजावून थांबवलं. ती बिचारी हिरमुसली, पण माझा विश्वास बसला तो त्या नकारामुळेच.

मग तलाव. थोडं थोडं खाली जात नाक चिमटीत धरायचं, हलकेच फुंकायचं, कानात ‘टिक’ झालं की पुढे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कान ठणकतात ते पहिल्या दोन-तीन मीटरांतच. मास्कमध्ये पाणी शिरलं तर मान वर करायची, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. हे मी उथळ भागात भीती निघेपर्यंत करत राहिले आणि प्रशिक्षक शांतपणे थांबला. श्वास रोखायचा नाही, हे त्याने प्रत्येकीकडून वदवून घेतलं, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘वर चला’. एका मैत्रिणीने आनंदाने अंगठा दाखवला आणि तो तिला लगेच वर घेऊन आला!

समुद्रात अंदमानसारखं काचेचं पाणी मिळत नाही, ते हिरवट असतं. तरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी मास्कपर्यंत आले, खडकांवर प्रवाळ दिसलं. आपल्याच महाराष्ट्रात हे आहे म्हणून ऊर भरून आला. मालवणचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि तरीही शेजारच्या एका होडीतून माशांना पाव टाकणं चाललं होतं, फोटो चांगले यावेत म्हणून. असं करणाऱ्याकडे जाऊ नका, कळकळीने सांगते.

बाकी वेळ निवांत. देवबागला कर्ली नदीच्या संगमावर चालणं, घरगुती खानावळीत तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. दुसरं काही ठरवूच नका.

पुणेकरांनी एक हिशेब मात्र नक्की करावा. डाइव्हच्या वेळी रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि उंचीवर जाऊन दाब पटकन कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्या तर १८ तास विमानात बसू नये, असं सांगतात. आपल्याला विमान नसलं तरी गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट चढावाच लागतो, आणि पुणं स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. त्यामुळे डाइव्ह पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरका, परतीच्या दिवशी नको. चुलीवरचं जेवण आणि वाळूतला फेरफटका त्या मधल्या वेळासाठीच आहे.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. शनिवार-रविवार टाळलेत तर तलावात गर्दी नसते आणि प्रशिक्षक तुमचे कान मोकळे होईपर्यंत थांबू शकतो. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांचं पत्र पुण्याहूनच घेऊन निघा.