शार्क नाईट थ्रीडी : आयडिया जबरदस्त, पिक्चर घाबरट

आधीच सांगते, पुढे सगळी स्टोरी फोडलीय, व्हिलन कोण ते पण सांगितलंय, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून या मग वाचा.

शार्कचे पिक्चर मला मनापासून आवडतात, चांगले वाईट सगळे बघते, आणि म्हणूनच ह्या २०११ च्या शार्क नाईट थ्रीडीचा मला जास्त राग येतो. टाकाऊ पिक्चर असता तर विसरून गेले असते. पण ह्याच्या पोटात एक इतकी भारी आणि खरोखर अंगावर काटा आणणारी कल्पना आहे की ती कोणी नीट हाताळली असती ना तर आज हा पिक्चर लोक शोधून शोधून बघत बसले असते. बनवणाऱ्यांनाच तिची भीती वाटली असं मला वाटतं, हातात घेतली आणि लगेच खाली ठेवून दिली.

स्टोरी साधी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन युनिव्हर्सिटीतली सात पोरंपोरी सुट्टीत साराच्या घरी जातात, घर म्हणजे लुईझियानात एका तळ्यातल्या बेटावरचं मोठं लेक हाऊस, मोबाईलला रेंज नाही, जायला यायला बोटच. सारा तीन वर्षांनी तिकडे परत आलीय. निक डॉक्टर व्हायच्या मागे लागलेला अभ्यासू मुलगा, मलिक फुटबॉलचा स्टार आणि माया त्याची गर्लफ्रेंड, बाकी ब्लेक, गॉर्डन, बेथ. मलिक वेकबोर्डिंग (बोटीच्या मागे दोरीला धरून फळीवर उभं राहून पाण्यावर घसरणं) करताना पाण्यात पडतो आणि बाहेर येतो तेव्हा त्याचा एक हात गायब. तिथून पुढे हॉस्पिटल गाठायची धडपड, बोट जाते, माया जाते, आणि मग एकेक करत बाकीचे. गावातला साराचा जुना बॉयफ्रेंड डेनिस आणि त्याचा दोस्त रेड मदतीला येतात, शेरीफ म्हणजे तिथला पोलीस प्रमुख पण येतो, आणि आपल्याला वाटतं चला आता सुटले.

इथेच ती कल्पना आहे. हे शार्क तळ्यात आपोआप आलेले नाहीत, ह्या तिघांनी आणून सोडलेत. शार्कच्या अंगाला कॅमेरे बांधलेत, माणसं मरताना शूट करायचं आणि असले व्हिडिओ बघायची भूक असलेल्यांना विकायचं. शेरीफ सरळ टीव्हीवरच्या शार्क वीकचं नाव घेतो, बघा किती लोक बघतात म्हणतो, आम्ही फक्त पुढचं पाऊल टाकलं असा त्याचा सूर. शार्क वीक डिस्कव्हरीवर १९८८ पासून चालू आहे, आपल्यातल्या कितीतरी जणांनी शार्क पहिल्यांदा तिथेच बघितला. म्हणजे पिक्चर सरळ आपल्याकडे, बघणाऱ्यांकडे बोट दाखवतोय की तुम्हाला बघायचंय म्हणून हे होतंय. २०११ मध्ये हे सुचणं सोपं नव्हतं. आज कुठेही अपघात झाला की मदतीला हात पुढे यायच्या आधी मोबाईल वर येतात, त्या काळात आपण राहतोय, त्यामुळे तो सीन मला आज आणखी लागतो. डॉनल लोगने शेरीफ एकदम गप्पिष्ट, घरातला काका वाटावा असा केलाय, आवाज चढवत नाही आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते.

आणि एवढं सगळं दोन चार मिनिटांच्या बडबडीत उरकलंय! तो कॅमेऱ्यातला व्हिडिओ आपल्याला नीट बघायला पण मिळत नाही. कोण विकत घेतं, आधी कोणाला मारलं, गावात अजून कोणाला माहितीये, काही नाही. डेनिसच्या चेहऱ्यावर जखमेचा वण आहे, त्यामागे साराची आणि त्याची एक जुनी गोष्ट आहे, पाण्याखाली त्याने तिला हवा घेऊ दिली नाही, ती घाबरून वर आली आणि बोट सुरू करताना पंखा त्याच्या तोंडाला लागला. ही गोष्ट पण चांगली आहे, त्याच्यातला राग कुठून आला ते कळतं, पण ती पण सांगून मोकळे, दाखवायचं सोडाच.

आता शार्ककडे येते, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. मलिकवरचा हल्ला बुल शार्कचा दाखवलाय आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. बुल शार्क हा गोड्या पाण्यात राहू शकणारा शार्क आहे. बाकीच्या बहुतेक शार्कच्या अंगात मीठ आणि युरिया भरपूर असतं, गोड्या पाण्यात गेले की पाणी अंगात शिरत राहतं आणि ते टिकत नाहीत. बुल शार्कची किडनी हे सांभाळून घेते, जादाचं पाणी पातळ लघवीवाटे टाकत राहते आणि लागणारे क्षार धरून ठेवते. १९३७ मध्ये मिसिसिपी नदीत पार इलिनॉयमधल्या आल्टनपर्यंत एक बुल शार्क पोचला होता, समुद्रापासून हजारेक किलोमीटरच्या वर. निकाराग्वाच्या मोठ्या तळ्यात तर ते नदीतून ये जा करतात. न्यू ऑर्लिन्सच्या शेजारच्या पाँचरट्रेन तळ्यात पण बुल शार्क खरोखर येतात. म्हणजे लुईझियानातल्या तळ्यात शार्क ह्या गोष्टीला कुठलंच खोटं जोडायची गरज नव्हती, सत्यच पुरेसं भयानक होतं.

आणि हे आपल्यापासून लांबचं आहे असं पण समजू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा खाडीत एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला होता, बातम्यांमध्ये त्या शार्कचं वजन २०० किलोच्या आसपास सांगितलं होतं आणि तो बुल शार्कच होता. समुद्रावर नाही, आत खाडीत. ती बातमी वाचताना जे पोटात गोळा येणं झालं ना ते ह्या अख्ख्या दीड तासात एकदाही झालं नाही. गढूळ पाणी, गुडघाभर खोल, आणि खाली काहीतरी आहे हे कोणाला माहीतच नाही, भीती तिथे असते.

पण पिक्चरला एका जातीवर भागत नाही. हॅमरहेड आणला, ग्रेट व्हाईट आणला, कुकीकटर आणले, म्हणजे शार्कचं प्रदर्शनच मांडलं. तळं खारट आहे असं सांगून सुटका करून घेतलीय, पण पाणी खारट केलं म्हणून काय झालं, ग्रेट व्हाईट पाळणं जगातल्या भल्या भल्या ॲक्वेरियमना जमलं नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे ॲक्वेरियमने २००४ मध्ये एक पिल्लू १९८ दिवस ठेवलं तर त्याची जगभर बातमी झाली होती, आणि इथे तीन माणसं गावातल्या तळ्यात मोठाच्या मोठा सांभाळतायत. हॅमरहेडच्या हल्ल्यात माणूस मेल्याची तर खात्रीशीर नोंद पण नाही.

सगळ्यात जास्त वाईट कुकीकटरचं वाटलं. बेथला ज्या पाण्यात ढकलतात तिथे हे छोटे शार्क झुंडीने तिच्यावर तुटून पडतात. कुकीकटर जेमतेम हात दीड हाताचा, दिवसा खोल अंधाऱ्या समुद्रात राहणारा आणि रात्री वर येणारा मासा आहे. तो चिकटतो, गोल फिरतो आणि देवमाशाच्या, मोठ्या ट्यूनाच्या अंगातून मांसाचा गोल तुकडा काढून निघून जातो, जखम अशी की कोणी साचा दाबून काढल्यासारखी. पाणबुडीच्या रबरावर पण त्याने दात मारलेत. त्याचं पोट हिरवट प्रकाशाने चमकतं. एवढा विलक्षण प्राणी हातात असताना त्याला पिरान्हा करून टाकला! अंधारात ते हिरवं चमकणं दाखवलं असतं, पाण्यात हळूहळू जवळ येणारं, तर तो सीन आयुष्यभर लक्षात राहिला असता.

दुसरी गडबड म्हणजे हात राखून बनवलाय. अमेरिकेत ह्याला पीजी १३ सर्टिफिकेट आहे, म्हणजे शाळेतल्या पोरांनी पण तिकीट काढावं म्हणून रक्त कमी, जखम कमी, शार्क आला की पाणी ढवळतं, लाल होतं, कट. मला रक्तपात बघायची हौस नाही, खरंच नाही, न दाखवता पण घाबरवता येतं, पण मग त्यासाठी वाट बघायला लावावी लागते, शांतता लागते, आणि ह्या पिक्चरला शांत बसताच येत नाही. दाखवत पण नाही आणि वाट पण बघायला लावत नाही, मग घाबरायचं कशाला? घरी टीव्हीवर बघताना थ्रीडीसाठी कॅमेऱ्यावर फेकलेल्या वस्तू आणि उड्या नुसत्या उगाच वाटतात, आणि कॉम्प्युटरवर केलेले शार्क काही ठिकाणी पाण्यात बसतच नाहीत, पाण्यावर चिकटवल्यासारखे दिसतात.

मलिकचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे. सिंक्वा वॉल्सने मन लावून काम केलंय. सात जणांतला पहिला घास त्याचाच, हात तुटलेला, मायाला डोळ्यासमोर गमावलेलं, आणि तो माणूस एका हाताने भाला घेऊन पाण्यात उतरतो, हॅमरहेडला मारायला. डॉक्टरी नजरेने बघायला गेलं तर दंडातली मोठी रक्तवाहिनी तुटल्यावर माणूस मिनिटांत जाऊ शकतो, उभं राहायचं नावच नको, तरी मी त्या सीनला त्याच्या बाजूने उभी होते. कारण तिथे कोणीतरी कोणासाठी तरी रडतंय. बाकी सगळ्या पिक्चरमध्ये मित्र मेला की पुढच्या सीनला लोक प्लॅन करायला लागतात. सात जणांची मैत्री आहे असं आपल्याला सांगितलंय फक्त, जाणवत कधी नाही. मरणारा माणूस आपला वाटला तर भीती वाटते ना, नाहीतर नुसती हजेरी.

चांगलं काय ते पण सांगते. जागा अप्रतिम आहे. शूटिंग लुईझियानात श्रीव्हपोर्टच्या बाजूला आणि कॅडो लेकला झालंय, पाण्यातच उभी असलेली सायप्रसची जुनी झाडं, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळासारखं स्पॅनिश मॉस, खालचं पाणी चहासारखं काळपट. नुसता तिथे कॅमेरा ठेवला तरी अस्वस्थ वाटतं. डायरेक्टर डेव्हिड आर. एलिस मूळचा स्टंटमन, त्यामुळे बोटी, जेट स्की, वेकबोर्ड ही सगळी पळापळ खणखणीत झालीय, तिथे त्याचा हात दिसतो. ब्लेक जेट स्कीवरून जीव घेऊन पळतोय आणि ग्रेट व्हाईट पाण्यातून उसळून त्याला हवेतच उचलतो तो सीन मी दोनदा मागे घेऊन बघितला. दक्षिण आफ्रिकेत फॉल्स बेमध्ये सीलच्या मागे ग्रेट व्हाईट खरंच असे अख्खे बाहेर उसळायचे, पण त्यासाठी खालून वेग घ्यायला खोल पाणी लागतं. एलिसचा डायरेक्टर म्हणून हा शेवटचा पिक्चर, २०१३ च्या जानेवारीत तो गेला, आणि मला मनापासून वाटतं की त्याला ह्याहून चांगली स्क्रिप्ट मिळायला हवी होती.

अजून एक, हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. जगभरात वर्षाला शार्कमुळे मरणारी माणसं साधारण पाच दहा असतात, आणि माणूस वर्षाला मारतो ते शार्क अंदाजे दहा कोटी. आपल्याकडे २०१५ पासून शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आहे ती उगाच नाही. ह्या पिक्चरमध्ये व्हिलन माणूस आहे आणि शार्क त्याने पकडून, कॅमेरा बांधून, चुकीच्या पाण्यात सोडलेले प्राणी आहेत, म्हणजे शार्कची बाजू मांडायची संधी कथेतच होती. एका ओळीत पण कोणी ते म्हणत नाही.

बघायचा का? मित्रांबरोबर रात्री काहीतरी चालू ठेवायचं असेल तर चालेल, दीड तासात संपतो, कंटाळा असा येत नाही. एकट्याने दिवे बंद करून घाबरायला बघणार असाल तर नका बघू. लहान मुलं असतील तर बेथचा सीन आणि ती शेरीफची दोराने बांधून केलेली बडबड पुढे ढकला, ते मुलांसाठी नाही. माझ्याकडून पाचपैकी दोन, त्यातला एक मलिकचा आणि अर्धा त्या झाडांचा. नावं सुरू झाली की लगेच बंद करू नका, नंतर सगळ्या कलाकारांनी मिळून केलेलं एक रॅप गाणं आहे, ते निकचं काम केलेल्या डस्टिन मिलिगननेच डायरेक्ट केलंय, आणि त्यात ही सगळी पोरं खरी मित्र वाटतात.