व्ही-क्रॉसला ओल्ड मॅन इमूचं सस्पेन्शन: पाटे निवडताना घाई नको
इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअपची मागची बाजू रिकामी असताना उडते, कारण पाटे (लीफ स्प्रिंग) मालाच्या वजनासाठी बनवलेले. ओल्ड मॅन इमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडच्या सस्पेन्शन किटने हे बरंच आवरतं. मात्र मागचे पाटे गाडीत कायम असणाऱ्या वजनानुसारच घ्या. रिकाम्या गाडीला जड पाटे म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली कंबरदुखी! पुढच्या बाजूला ४० ते ५० मिलिमीटर उंची वाढवली की पुरे. त्यापुढे सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा सांधा) कोन वाढून त्यावरचे रबरी बूट, म्हणजे आवरणं, लवकर फाटतात. बुशचे (सांध्यातले रबरी तुकडे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, नाहीतर रबर पिळून तुटतं. ५०० किलोमीटरनंतर पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. चाकांची अलाइनमेंट, हेडलाइटचा झोतही बघा. सस्पेन्शनसोबत इतर बदल करणार असाल, तर तेल लावायचा कॉटन एअर फिल्टर टाळाच. जास्तीचं तेल एमएएफ सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बसतं. एक्झॉस्टमधला डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढणं तर बेकायदाच.