दगडकामासाठी एफएफपी२ मास्क: आमच्या कारखान्यातील वापरानंतरचे मत

ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांत खोलवर रुतल्याने सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही, आणि कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, त्याची नोंद होती. म्हणूनच तोंडाला रुमाल बांधण्याची जुनी पद्धत बंद करून आम्ही सर्व कामगारांसाठी आयएस ९४७३ या भारतीय मानकाचे, झडप असलेले एफएफपी२ (हवेतील बारीक कण गाळणारे) मास्क घेतले.

झडपेमुळे उच्छ्वासाची उष्ण, दमट हवा चटकन बाहेर पडते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही मास्क हनुवटीखाली ओढून ठेवण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण न वापरलेला मास्क कितीही उत्तम असला तरी निरुपयोगीच ठरतो. नाकावरची पट्टी नीट दाबली की कडा चेहऱ्याला घट्ट बसतात. मात्र दाढी असल्यास त्या तशा बसत नाहीत, आणि ही महत्त्वाची गोष्ट विक्रेत्याने आम्हाला स्वतःहून सांगितली नाही, याची खंत वाटते.

हे मास्क धुऊन वापरता येत नसल्याने खर्च सतत चालू राहतो. तरीही मालकांनी तो कामगारांच्या पगारातून कापू नये. कापणी करताना पात्यावर पाण्याची धार सोडून धूळ जागीच दाबणे हा पहिला उपाय आहे आणि मास्क त्याच्या जोडीला हवा. पाण्याची सोय टाळण्यासाठी तो घेणार असाल, तर मी त्याची शिफारस करणार नाही.