व्ह्यू वगळायचे की टेबलांची यादी द्यायची?

एसक्यूएलएकोडजेन हे डेटाबेस वाचून पायथनच्या एसक्यूएलअल्केमीसाठी मॉडेल्स (टेबलांचे क्लास) लिहून देणारं टूल आहे. जुन्या पोस्टग्रेस डेटाबेसवर ते चालवलं की न मागितलेले व्ह्यूही (टेबलासारख्या दिसणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) फाइलमध्ये येतात. त्यांना प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखणारा कॉलम) नसते, म्हणून क्लासऐवजी नावाआधी ‘टी’ लागलेलं नुसतं टेबल ऑब्जेक्ट तयार होतं. जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या इन्स्पेक्टडीबीत, म्हणजे अशाच कामाच्या कमांडमध्ये, हा प्रश्न येत नाही. तिथे व्ह्यू हवे असतील तर मुद्दाम सांगावं लागतं, आणि ती सोयही २.१ पासूनची. इथे मात्र व्ह्यू नकोत हे आपणच सांगायचं. त्यासाठी एक तर ‘टेबल्स’ ऑप्शनला हव्या त्या टेबलांची यादी द्या, नाहीतर ‘नोव्ह्यूज’ लावून सगळे व्ह्यू वगळा.

व्ह्यू तसेच राहू द्यावेत असं वाटत असेल तर अलेम्बिक (डेटाबेसच्या रचनेतले बदल, म्हणजे मायग्रेशन, सांभाळणारं टूल) एकदा चालवून बघा. त्याचं ऑटोजनरेट मॉडेल्स आणि डेटाबेस ताडून मायग्रेशन लिहितं, पण डेटाबेसच्या बाजूने फक्त टेबलं मोजतं. मॉडेल फाइलमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (क्वेरींची आकडेवारी देणाऱ्या एक्स्टेंशनचा व्ह्यू) दिसतं, डेटाबेसमध्ये त्या नावाचं टेबल सापडत नाही, म्हणून ते थेट क्रिएट टेबल लिहून मोकळं होतं. शिवाय एक्स्टेंशन अपडेट केलं की कॉलमही बदलतात. पोस्टग्रेस १३ बरोबर टोटल-टाइम जाऊन टोटल-एक्झेक-टाइम आलं, तेव्हा आपण काहीही न बदलता मॉडेल फाइलचा डिफ लांबला.

मी सुरुवातीला यादी वापरली. काय येतंय ते डोळ्यांसमोर राहतं, हवा तो व्ह्यूही नाव देऊन घेता येतो. मग दुसऱ्या टीमने थेट एसक्यूएल चालवून नोंदींचं एक टेबल वाढवलं आणि आमच्या यादीत ते घालायचं राहून गेलं. यादीतल्या टेबलाची फॉरेन की जिकडे जाते ते टेबल आपोआप ओढलं जातं, पण या नव्या टेबलाकडे कुणाचीच की जात नव्हती. मॉडेल्समध्ये ते नाही म्हणून पुढच्या मायग्रेशनमध्ये त्याच्या नावाने ड्रॉप टेबल आलं. रिव्ह्यूत ती ओळ नजरेस पडली म्हणून डेटा वाचला. त्या दिवसापासून यादीवरचा माझा विश्वास उडाला.

‘नोव्ह्यूज’मध्ये विसरण्यासारखं काही उरत नाही. नवं टेबल आपोआप येतं, आणि व्ह्यू वगळले तरी अलेम्बिक त्यांना हात लावत नाही, कारण त्याला ते दिसतच नाहीत. पोस्टजीआयएस (नकाशांच्या डेटासाठीचं एक्स्टेंशन) असेल तर त्याचा जिओमेट्री-कॉलम्स हा व्ह्यू जातो. स्पेशियल-रेफ-सिस खरं टेबल असल्यामुळे राहतं, पण त्याचा त्रास होत नाही.

अडचण एकच: रिपोर्टसाठी लागणारे व्ह्यूही जातात. आमचे असे दोनच होते. ते मी वेगळ्या फाइलमध्ये हाताने लिहिले, मॅपरला (क्लास आणि टेबल जोडणाऱ्या भागाला) की सांगितली आणि त्यांना स्वतंत्र मेटाडेटा (टेबलांची नोंदवही) दिला, म्हणजे अलेम्बिकपर्यंत ते पोचत नाहीत. असे चाळीस व्ह्यू असतील तर हे काम जड जाईल हे मान्य. तेव्हा सगळं येऊ द्यावं आणि अलेम्बिकच्या इन्क्लूड-ऑब्जेक्ट या फिल्टर फंक्शनमध्ये गाळावं, हेही चालण्यासारखं आहे.

अवाढव्य डेटाबेसमधली पाच-सहा टेबलं नुसती वाचायची असतील आणि मायग्रेशन तुमच्याकडे नसेल, तर यादी बिनधास्त वापरा. मायग्रेशन तुमच्याच हातात असेल तर मी ‘नोव्ह्यूज’च सुचवेन.