हाताने घडवलेल्या सुऱ्या: व्यापारी प्रदर्शन की सुऱ्यांचा मेळा?

टेबल आरक्षित करण्याआधी एक गोष्ट बघा: तिथे येणार कोण? जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं आयडब्ल्यूए आणि अमेरिकेतल्या लास व्हेगासचा शॉट शो ही शिकार-नेमबाजीच्या सामानाची प्रदर्शनं फक्त व्यापाऱ्यांसाठी असतात. तिथे दुकानदार आणि वितरक ऑर्डर लिहून देतात. अटलांटाच्या ब्लेड शो या सुऱ्यांच्या मेळ्यात संग्राहक आणि रोज सुरी वापरणारे तिकीट काढून येतात, सुरी हातात तोलून बघतात आणि तिथेच पैसे मोजतात. दोन्ही प्रदर्शनं मोठीच, पण धंदा अगदी वेगळा.

व्यापारी प्रदर्शनात पहिला प्रश्न घाऊक भावाचा. दुकानदाराला बहुधा किरकोळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास माल हवा असतो. तुमच्या आजच्या किमतीत पोलाद, भट्टी आणि मजुरी एवढंच बसत असेल, तर ती सूट थेट मजुरीतून जाते. बरं, दुकानात महाग आणि तुमच्याकडे स्वस्त हेही चालत नाही; तो दुकानदार पुन्हा फिरकणार नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: किती नग, आणि कधी? समजा तुमच्या हातून आठवड्याला चार सुऱ्या नीट पुऱ्या होतात. एका दुकानाने तीन महिन्यांत एकाच नमुन्याच्या साठ मागितल्या, तर बारा आठवड्यांत होतात अठ्ठेचाळीस, तेही बाकी सगळी कामं बंद ठेवून. शिवाय साठही एकसारख्या हव्यात. हाताच्या कामातला जो फरक संग्राहकाला मोह घालतो, तोच दुकानदाराला तक्रार वाटतो.

मेळ्यात पूर्ण किंमत मिळते, पण माल आधी तयार लागतो. महिनोनमहिने पैसा पात्यांत अडकतो आणि न विकलेलं परत न्यावं लागतं. तरीही नव्या कारागिराला मी मेळाच सुचवेन, कारण तिथलं गिऱ्हाईक शिकवतं. पोलाद कोणतं, पाणी कुणी दिलं, कडकपणा किती एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप), हे ते विचारणारच. पोलाद ५२१०० या प्रतीचं असेल तर ५२१०० सांगा. कडकपणा मोजला नसेल तर आकडा फेकू नका. ते सुरी उजेडात धरून दोन्ही बाजूंचा उतार जुळतो का बघतात, मूठ आणि पात्याच्या सांध्यात नख फिरवतात. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संघटनेच्या जर्नीमन (कुशल कारागीर) परीक्षेत पातं दोर तोडतं, लाकूड तोडतं, त्यानंतरही केस काढतं आणि शेवटी ९० अंशांत वाकवलं जातं. त्याच परीक्षेसाठी पुढे सादर केलेल्या सुऱ्यांची तपासणी अटलांटातही होते. घडाईची अशी पारख असलेली माणसं व्यापारी दालनात क्वचितच भेटतात.

(कार्बन पोलादाला बोटांच्या घामानेही गंज धरतो. दिवसभर शेकडो हात लागणार, तेव्हा तेलाचं फडकं टेबलाखालीच ठेवा.)

मुठीसाठी शिसव वापरत असाल तर देशाबाहेर नेण्याआधी कागदपत्रांची चौकशी करा. शिसव ज्यात येतो त्या डाल्बर्जिया वर्गातली सगळी झाडं २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत.

व्यापारी दालन निवडायचंच असेल तर एक-दोन नमुने पक्के करा, त्यांचा घाऊक भाव आधी कागदावर मांडा, आणि ऑर्डरवहीत लिहायची तारीख भट्टीला विचारून लिहा. एकट्याच्या भट्टीला हे जमत नसेल, तर पहिल्या वर्षी पंधराएक उत्तम सुऱ्या घेऊन मेळ्यात बसा.