सिम्पसन्स की साउथ पार्क?

मावसभावाला या दोन अमेरिकी विनोदी कार्टून मालिकांपैकी एकच धरायची आहे. 'जगातली सर्वाधिक गाजलेली' वगैरे बिरुदं सोडून देऊ.

आधी टिकाऊपणा. 'द सिम्पसन्स' डिसेंबर 1989 पासून चालू आहे आणि त्यातल्या कुटुंबातला मुलगा बार्ट अजून दहाचाच. विनोद त्याचा बाप होमरचा आळस, बहीण लिसाचं एकटेपण, महिनाअखेरची ओढाताण यांवर उभा. म्हणून नव्वदीतले भाग आजही शिळे वाटत नाहीत. 'साउथ पार्क' (1997) चा भाग बरीच वर्षं जेमतेम आठवड्याभरात तयार व्हायचा. त्यामुळे बातमी ताजी असताना चिमटा जबर बसतो, पण दहा वर्षांनी संदर्भ शोधत बसावं लागतं. त्यातला आगाऊ पोरगा कार्टमन मात्र कधीच जुना होत नाही, हे मान्य.

वेळ? सिम्पसन्सचे भाग साडेसातशेच्या वर गेलेत. सगळे बघायचा हट्ट नको, तिसरा ते आठवा सीझन पुरे. नंतरचं बरंचसं सवयीने चाललंय, असं माझं मत. साउथ पार्क कुठूनही उचला.

शिव्या आणि किळस साउथ पार्कमध्ये भरपूर.

घरच्यांसोबत जेवताना काही लावायचं असेल, तर सिम्पसन्स. रात्री मित्रांबरोबर राजकारणावर खिदळायचं असेल आणि कुणाचीच भीडभाड नको असेल, तर साउथ पार्क.