हरत्या टीमच्या कोचनं भरलेलं मैदान घ्यावं की रिकामं?

आमचा एक मित्र आहे, सगळे त्याला मास्तर म्हणतात, दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी एका क्लबच्या फुटबॉल टीमचा कोच. मानधन म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवाळीला काजूकतलीचा एक बॉक्स. ह्या सीझनला सात मॅच झाल्या, एक जिंकली, एक ड्रॉ, पाच हरले. आता उरलेल्या चार घरच्या मॅचेससाठी कमिटीनं त्यालाच विचारलंय की बाबा तूच ठरव, नेहमीच्या मैदानावर खेळायचं, जिथे रविवारी अख्खी वस्ती कट्ट्यावर येऊन बसते, की लांब उपनगरात एक जाळीबंद टर्फ स्वस्तात मिळतंय तिथे, जिथे प्लेअर आणि चार ऑफिशियल सोडून कुणाला आत घेत नाहीत. गुरुवारपर्यंत कळवायचंय. मास्तरनं दादरच्या पुलावरून फोन केला, "पब्लिक नसलेलंच बरं ना रे, डोक्याला शांती," एवढं बोलला, लोकल आली आणि फोन कट.

फोनवर राहिलेलं इथे लिहितोय, अजून कुणी कोच अशा पेचात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी आमचं नेहमीचं मैदान कसं आहे ते सांगतो. टचलाइनला लागून कमरेएवढी भिंत आहे, त्यावर एक काका बसतात, हातात वडापाव, पायात स्लिपर, आणि ते पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मास्तरशी बोलत असतात, म्हणजे मास्तर त्यांच्याशी बोलत नाही, तेच बोलतात. "ओ मास्तर, तो आठ नंबर काय वाळत घातलाय काय तिथे?" मागच्या मॅचला तिसरा गोल खाल्ल्यावर सगळ्या भिंतीनं हुर्यो उडवली, आणि काकांनी वडापावचा कागद चुरगाळून बरोबर मास्तरच्या पायाशी टाकला, मारला नाही हां, टाकला. मास्तरनं तो उचलून खिशात ठेवला. मला वाटतं ह्या कागदामुळेच त्याला ते जाळीबंद टर्फ एवढं गोड वाटतंय.

तर रिकाम्या मैदानानं हरणाऱ्या कोचचं प्रेशर कमी होतं का, ह्याचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग कोविडमध्ये आपोआप झाला. इंग्लंडची प्रीमियर लीग 2020-21 चा जवळजवळ अख्खा सीझन रिकाम्या स्टेडियममध्ये खेळली, मध्ये डिसेंबरात काही ठिकाणी दोन हजार माणसं आणि शेवटच्या दोन राउंडला दहा हजारांपर्यंत, बस. त्या सीझनला चार मॅनेजरांना (तिकडे कोचलाच मॅनेजर म्हणतात) नारळ मिळाला, वेस्ट ब्रॉमचा बिलिच, चेल्सीचा लॅम्पार्ड, शेफील्ड युनायटेडचा वाइल्डर (तो म्हणे आपसात ठरवून गेला, पण ठीक आहे) आणि टॉटनहॅमचा मोरिन्यो. पहिला नारळ फुटला तोच 16 डिसेंबरला. पुढच्या सीझनला स्टेडियम भरले आणि दहा मॅनेजर गेले, त्यातले सहा तर 21 नोव्हेंबरच्या आत. चारास दहा. आता ह्यात दोन तर एकट्या वॉटफर्डचे आहेत, जो क्लब आपण गंजीफ्रॉक बदलतो तसा मॅनेजर बदलतो, आणि कोविडमध्ये तिकिटांचा पैसा बंद होता त्यामुळे मॅनेजरला घरी पाठवून वर त्याची भरपाई द्यायची हे बऱ्याच मालकांना जड गेलं असणार, तेव्हा सगळं श्रेय रिकाम्या खुर्च्यांना देऊ नका. पण तरी.

एकाच माणसाच्या दोन मॅच शेजारी शेजारी ठेवून बघा, मग फरक नीट कळतो. मँचेस्टर युनायटेडचा सोल्शार. 4 ऑक्टोबर 2020, ओल्ड ट्रॅफर्ड, टॉटनहॅमकडून 1-6. घरच्या मैदानावर सहा गोल! स्टेडियममध्ये प्रेक्षक शून्य. टीव्हीवर लावलेला खोटा आवाज सोडला तर त्या संध्याकाळी सोल्शारनं एक हुर्यो ऐकली नाही, आणि तो टिकला, नुसता टिकला नाही तर त्या सीझनला टीम दुसरी आली आणि लीगमध्ये बाहेरच्या मैदानावर एकही मॅच हरली नाही. आता 24 ऑक्टोबर 2021, तेच ओल्ड ट्रॅफर्ड, ह्या वेळी खच्चून भरलेलं, लिव्हरपूलकडून 0-5. हाफटाइमलाच चार झाले होते आणि लोक उठून चालायला लागले. हे चित्र कॅमेऱ्यानं पुन्हा पुन्हा दाखवलं, लाल खुर्च्या रिकाम्या होत चाललेल्या आणि खाली तो माणूस ओठ दाबून उभा. चार आठवड्यांत वॉटफर्डला 4-1 हरले, तिथे बाहेरगावाहून आलेल्या आपल्याच पब्लिकसमोर तो हात वर करून उभा राहिला, हुर्यो ऐकली, दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. 1-6 नंतर तेरा महिने मिळाले, 0-5 नंतर चार आठवडे. मला ह्यात फुटबॉलपेक्षा त्या उठून जाणाऱ्या लोकांचा हात जास्त दिसतो, कारण मालकाला स्कोअर पेपरात वाचून पचवता येतो, पण उठून चाललेलं पब्लिक टीव्हीवर अख्खं जग बघतं.

टॉटनहॅमचा मॅनेजर नूनो, त्याचं तर अजून उघड. 30 ऑक्टोबर 2021, घरी युनायटेडकडून 0-3, सेकंड हाफमध्ये त्यानं लुकास मौराला बाहेर काढला आणि स्टेडियमनं त्या बदलावरच हुर्यो उडवली. 1 नोव्हेंबरला गेला. रिकाम्या स्टेडियममध्ये तो बदल म्हणजे चौथ्या ऑफिशियलनं वर केलेला एक बोर्ड असता फक्त.

एवढं वाचून मास्तर म्हणेल, बघ, मी म्हणत होतो ना. थांब जरा.

कारण आता लॅम्पार्ड बघ. चेल्सीचा लाडका प्लेअर, मग मॅनेजर, पब्लिकचा जीव त्याच्यावर. जानेवारी 2021 मध्ये टीम नवव्या नंबरवर घसरली. चाहत्यांना आत प्रवेश नाही म्हणून त्यांनी पैसे गोळा करून एक बॅनर बनवला, आमचा फ्रँकवर, म्हणजे लॅम्पार्डवर, विश्वास आहे अशा अर्थाचा, आणि 24 जानेवारीला ल्यूटनच्या मॅचला तो रिकाम्या स्टँडवर टांगला. चेल्सी ती मॅच जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅम्पार्डला काढला. बॅनर बिचारा तिथेच, त्याला कुठे घसा आहे! चाळीस हजार माणसं जर त्याचं नाव गात असती तर मालकानं निदान दोन-तीन आठवडे तरी वाट बघितली असती असं माझं मत, सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे. (आणि हो, मग टुखेल आला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली, म्हणजे मालकाचा हिशोब चुकला असंही म्हणता येत नाही. कोचच्या बाजूनं बघतोय आपण, मालकाच्या नाही.)

मास्तरच्या डोक्यातून हेच निसटतंय. पब्लिक म्हणजे नुसती शिवी नाही, ढालपण तीच. ज्याला लोक आधीच कंटाळलेत त्याला रिकामं मैदान म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. न्यूकॅसलचा स्टीव्ह ब्रूस बघा, रिकाम्या सीझनला आरामात बारावा आला, स्टेडियम भरल्यावर लोकांनी त्याला जायलाच सांगितलं, आणि नवे मालक आल्यावर दोन आठवड्यांत गेला. पण ज्याच्यावर लोकांचा जीव आहे आणि कमिटीचा नाही, त्यानं रिकामं मैदान मागणं म्हणजे आपले साक्षीदार आपणच घरी पाठवणं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर गोवा. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, 2020-21 चा सीझन अख्खा गोव्यात झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, टीम हॉटेलात कोंडलेल्या, प्रेक्षक नाहीत. मुंबई सिटीनं त्या वर्षी लीगमध्ये पहिलं येण्याची शील्डपण मारली आणि फायनलचा कपपण, फायनलला बिपिन सिंगनं 90 व्या मिनिटाला गोल मारला आणि आम्ही घरात थाळ्या बडवल्या, शेजारच्या काकूंना वाटलं परत काहीतरी घोषणा झाली. पण कोचचं काय झालं ते ऐका. बेंगळुरूचा कार्लेस कुआद्रात, ज्यानं दोनच वर्षांपूर्वी आपल्या अंधेरीच्या स्टेडियममध्ये फायनल जिंकलेली, आपल्या मुंबईच्या राहुल भेकेच्या हेडरवर, तो जानेवारीत गेला, मुंबई सिटीकडून हरल्यावर लगेच. नॉर्थईस्टचा जेरार्ड नूस जानेवारीतच गेला. केरळचा किबू विकुन्या फेब्रुवारीत, हैदराबादकडून चार गोल खाऊन. एकालाही हुर्यो ऐकावी लागली नाही, तरी तिघंही गेले. केरळचं पब्लिक कोचीत काय आवाज करतं हे बघितलंय सगळ्यांनी, तो आवाज नसतानाही नोकरी वाचली नाही. उलट हॉटेल, बस, मैदान, परत हॉटेल, नाश्त्याच्या टेबलावर समोर क्लबचाच माणूस बसलेला, म्हणजे पळायला जागाच नाही. आणि नॉर्थईस्टला मधेच जो खालिद जमील उभा केला, ज्यानं इथे मुंबई एफसीबरोबर वर्षानुवर्षं काढलेली, त्यानं टीम सेमीफायनलला नेली आणि 2025 मध्ये तो इंडियाचा कोच झाला. तेव्हा रिकामं मैदान कुणाला तरी फळतंच, जुन्याला फळेल की नव्याला एवढाच प्रश्न.

आणि आवाज बंद झाला म्हणजे राग जिरला असंही नाही. जर्मनीत शाल्के क्लब 2020-21 ला एकामागून एक पाच कोच करून शेवटी खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, 20 एप्रिलला बीलेफेल्डला हरून रात्री बस घरी आली तर स्टेडियमबाहेर शेकडो लोक थांबलेले, अंडी फेकली, प्लेअरना पळवलं. वर्षभर साठवलेलं सगळं एका रात्री पार्किंगमध्ये बाहेर आलं. आमच्याकडे पार्किंग नाही, पण मास्तर राहतो त्याच वस्तीत आणि दूध आणायला रोज काकांच्या दारावरूनच जातो. भिंतीवर जे बोलायचं ते काका मग दुधाच्या लाइनीत बोलतील, बायको-मुलीसमोर. ते परवडेल?

खेळाच्या बाजूनं बोलायचं तर हिशोब अगदी सरळ आहे. त्या रिकाम्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये घरच्या टीम 144 मॅच जिंकल्या आणि पाहुण्या 153, इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये पाहुणे पुढे राहिले असं त्याआधी कधी झालंच नव्हतं. लिव्हरपूल लीगमध्ये घरी 68 मॅच हरली नव्हती, रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर ओळीनं सहा हरली. (डिफेन्सचे सगळे खांब जखमी होते हे खरं, पण बर्नली आणि फुलहॅमकडूनही?) त्यांचा मॅनेजर क्लॉप वाचला कारण आदल्याच वर्षी तीस वर्षांनी लीग आणून दिलेली, मास्तरनं असं काही आणून दिलेलं नाही. रेफरीचंही तसंच, प्रेक्षक नसले की पाहुण्यांना कार्ड दाखवण्याचा जो एक कल असतो तो कमी होतो, हे त्या काळातल्या मॅचेसवर झालेल्या अभ्यासांत बऱ्याचदा दिसलं. आपल्या रेफरीला तर भिंत जेमतेम दहा पावलांवर आहे, काका "कार्ड!" म्हणून ओरडले की हात खिशाकडे जातोच, शप्पथ सांगतो. हे सगळं सोडून त्या टर्फवर जायचंय, तेही पाच हरलेले असताना.

रिकाम्याच्या बाजूनं माझ्याकडे एकच तगडा मुद्दा आहे आणि तो कोचचा नाही, पोरांचा आहे. आपला गोलकीपर एकोणीसचा, मागच्या दोन मॅच त्याचे पाय थरथरताना मी बघितलेत, गोलकिक घ्यायला बॉल ठेवतो आणि आधी भिंतीकडे बघतो. त्याला शांत जागा हवीय हे मला मान्य. पण तिथेही गंमत अशी की शांत टर्फवर मास्तरचा शब्द न् शब्द ऐकू येतो, त्यालाही आणि समोरच्या टीमलाही, आणि मास्तरच्या तोंडाची ख्याती माहिती आहे सगळ्यांना. कोविडमध्ये टीव्हीवर मॅनेजर लोकांची भाषा ऐकून कॉमेंटेटरांना माफी मागायला लागायची, आठवतंय ना?

मी त्या टर्फवर एक फ्रेंडली बघायला गेलो होतो. जाळीच्या आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एकीवर आपले खजिनदार. ते काही बोलत नाहीत, फक्त पास चुकला की "च्यक" करतात. भिंतीवर शंभर लोक असले की ते "च्यक" कुणाला ऐकू येत नाही. तिथे नव्वद मिनिटं तेवढंच ऐकू येत होतं, आणि मास्तर दर वेळी मागे वळून बघत होता. भिंतीकडे तो कधी वळून बघत नाही.

आता पब्लिक म्हणजे किती, हेही बघा. 2018 च्या जूनमध्ये अंधेरीला इंडियाची मॅच होती तैवानशी, 5-0 जिंकले, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये अडीच हजारांच्या आसपास माणसं. मग छेत्रीनं तो व्हिडिओ टाकला की या, शिव्या घालायच्या तर तोंडावर घाला, पण या. पुढच्या मॅचला केनियाविरुद्ध धो धो पावसात तिकीट मिळत नव्हतं. आमच्या भिंतीवर येऊन जाऊन शंभर-दीडशे लोक, पण न बोलावता येतात, पाच मॅच हरल्यावरही येतात. आणि महत्त्वाचं म्हणजे मागच्या हुर्योत मी नीट कान देऊन ऐकलंय, ती मास्तरवर कमी आणि दोन चांगले डिफेंडर फीच्या भांडणात घालवणाऱ्या कमिटीवर जास्त होती. काकांनी कागद मास्तरच्या पायाशी टाकला कारण कमिटी तिथे नव्हती, ती कँटीनमध्ये होती.

तेव्हा मास्तर, तुझ्यापुरतं माझं मत असं. तुला काढणार असेल तर कमिटी काढणार, भिंत नाही, आणि कमिटीला कुणाची भीती असेल तर ती त्या भिंतीचीच. चारही मॅच इथेच खेळ. अगदीच त्या पोराची काळजी वाटत असेल तर टेबलात सगळ्यात वर असलेल्या टीमबरोबरची मॅच टर्फवर घे, तशीही ती हरण्याचीच शक्यता जास्त, आणि बाकी तीन इथे. मात्र वस्तीतच लोक तुझ्या विरोधात असते आणि कमिटी बाजूनं, तर मी बरोबर उलटं सांगितलं असतं, चारही मॅच टर्फवर ने आणि खजिनदारांना चहा पाजत राहा.

काकांशी मी बोललोय, रविवारी मी त्यांच्या शेजारी बसणार आहे. वडापाव माझ्याकडून, कागद मी माझ्याच हातात ठेवीन. तू फक्त आठ नंबरला जरा पुढे खेळव, त्या बाबतीत काकांचं चुकत नाहीये.